साठ अंशांवरची भाऊबंदकी

भाऊबंदकी फक्त माणसांतच असते असं तुम्हाला वाटतं का? तसं असेल तर हे वाचाच! एकाच कुळातले बॅक्टेरिया एकमेकांच्या जिवावर उठतात, आणि तेही ६० अंश सेल्सिअसला, ज्या पाण्यात आपल्याला बोटही बुडवून ठेवता येणार नाही.

सेमिनारसाठी मी हा विषय घेतला तेव्हा मैत्रिणींनी विचारलं, "तू केमिकलवाली, तुला जंतू कशाला हवेत?" अगं, दूध पावडरच्या प्लँटमधले इव्हॅपोरेटर आणि हीट एक्स्चेंजर उद्या कोण डिझाइन करणार? त्यातला ४५ ते ६५ अंशांचा भाग म्हणजे या मंडळींचं माहेरघरच. स्टीलला चिकटून ते थर करतात आणि त्यांचे स्पोअर थेट पावडरमध्ये उतरतात.

यांतला सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस. १९२० मध्ये डाँक नावाच्या संशोधकाने डबाबंद अन्नातून निघालेल्या या जंतूचं वर्णन केलं. हा आम्ल तयार करतो पण गॅस करत नाही, त्यामुळे डबा फुगत नाही, आतला माल मात्र आंबट! याचे स्पोअर इतके चिवट की ऑटोक्लेव्ह नीट चालला की नाही हे तपासायला हॉस्पिटलमध्ये तेच वापरतात.

उष्ण जागी बाहेरचं कोणी सहसा येत नाही. मग अन्नावर हक्क सांगायला येणार कोण? जवळचा नातेवाईक! त्याला तेच अन्न, तेच तापमान हवं. म्हणून हे जंतू बॅक्टेरिओसिन सोडतात. ही छोटी प्रथिनं बहुतेक वेळा जवळच्या जातींनाच मारतात. आपली नेहमीची अँटिबायोटिक्स कशी, रोगजंतूबरोबर पोटातल्या चांगल्या जंतूंनाही झोडपतात. १९२५ मध्ये आंद्रे ग्राशिया यांना ई. कोलायमध्ये असा पदार्थ पहिल्यांदा दिसला. उष्णताप्रेमी स्टिअरोथर्मोफिलसच्या अशा पदार्थांवर १९६६ मध्ये शोधनिबंध आला. त्यांना 'थर्मोसिन' म्हटलं गेलं. नाव छानच आहे.

पण माझी आवडती गोष्ट २०१२ची. चीनमधल्या दागांग तेलक्षेत्राच्या खोल, गरम साठ्यातून जिओबॅसिलस थर्मोडिनायट्रिफिकन्सचा एक स्ट्रेन आधीच मिळाला होता. त्याच्या जीनोमच्या आधारे अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या गटाने दोन पदार्थ शोधले, जिओबॅसिलिन एक आणि दोन. गटप्रमुखांचं नाव विल्फ्रेड व्हॅन डर डाँक. पुन्हा डाँक, योगायोग बघा!

जिओबॅसिलिन एक हा नायसिनचा चुलतभाऊ. नायसिन म्हणजे चीजमध्ये वापरलं जाणारं प्रिझर्व्हेटिव्ह, पाकिटावरचं ई २३४. ते दह्या-ताकातल्या लॅक्टोकॉकसपासून मिळतं. पेशीची भिंत बांधायला जी 'वीट' लागते, तिचं नाव लिपिड टू. नायसिन ती वीटच धरून ठेवतं आणि तिचाच आधार घेऊन पेशीच्या पडद्याला भोकं पाडतं. आतला माल बाहेर, खेळ खलास. पण नायसिनची एक अडचण आहे. आम्लात ते उकळलं तरी टिकतं, दुधासारख्या जवळजवळ न्यूट्रल द्रवात मात्र लवकर निकामी होतं.

इथे चुलतभाऊ भाव खाऊन जातो. नायसिनच्या साखळीत गंधकाच्या पुलांनी बांधलेल्या ५ गाठी आहेत, याच्यात ७. स्ट्रक्चरला जास्त ब्रेसिंग दिल्यासारखंच की! पीएच ७ आणि ८ ला, ३७ आणि ६० अंशांवरही, तो नायसिनपेक्षा जास्त टिकला. शिवाय गाई-म्हशींच्या कासदाहाला कारण ठरणाऱ्या एका स्ट्रेप्टोकॉकसवर तो नायसिनच्या सुमारे तिप्पट प्रभावी निघाला. कासदाहात अँटिबायोटिक दिलं की काही दिवस दूध विकता येत नाही, म्हणजे शेतकऱ्याचं दुहेरी नुकसान, म्हणून मला हा आकडा महत्त्वाचा वाटतो. अर्थात प्लेटवर मारणं वेगळं आणि कासेत मारणं वेगळं. जिओबॅसिलिन दोन मात्र खरा भाऊबंद! तपासलेल्या जंतूंपैकी त्याने फक्त बॅसिलस मंडळींनाच मारलं.

हे प्रयोगशाळेत ओळखतात कसं? अगारच्या प्लेटवर शत्रुजंतूंचा थर पसरायचा आणि त्यावर संशयित द्रवाचा थेंब टाकायचा. थेंबाभोवती स्वच्छ वर्तुळ पडलं तर काहीतरी मारतंय. मग प्रथिनं तोडणारं एन्झाइम घालून पुन्हा बघायचं. वर्तुळ गायब झालं, तर मारेकरी प्रथिनच. अगार ८५ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून ६० ला प्लेट शाबूत राहते, फक्त ती सुकू नये म्हणून जपावं लागतं.

आता आपल्या कामाचा प्रश्न. हे फर्मेंटरमध्ये वाढवायचं झालं तर ६० अंशांमुळे थंड करण्याचा खर्च कमी, बाहेरच्या जंतूंची भीतीही कमी. पण हवेतला ऑक्सिजन ३० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅम विरघळतो, तर ६० ला पाचच्याही खाली येतो. म्हणजे हवा जास्त सोडायची. हवा जास्त सोडली की पाणी उडून जातं आणि फेसही होतो. कंडेन्सर केवढा लावायचा, यावर सध्या माझं गणित चालू आहे.