अनाथ पिल्लांचे घर

मुलांनो, प्राणिसंग्रहालय म्हटले की तुम्हांला मोठे शहर आणि तिकिटाची खिडकी आठवते. पण महाराष्ट्रातील एक प्राणिसंग्रहालय घनदाट जंगलात, गरीब लोकांच्या मदतीने उभे राहिले आहे.

आपल्या परभणीपासून दूर, राज्याच्या पूर्व टोकाला गडचिरोली जिल्हा आहे. तेथील हेमलकसा या गावी बाबा आमटे यांनी १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. या भागात माडिया गोंड आदिवासी राहतात. बाबांचे पुत्र डॉ. प्रकाश आणि सून डॉ. मंदाकिनी तेथे रोग्यांवर उपचार करू लागले. तुम्ही जशी मराठी शिकता, तशी ते दोघे माडिया भाषा शिकले.

एकदा जंगलात त्यांना शिकारीहून परतणारे काही आदिवासी भेटले. त्यांच्याजवळ मेलेली माकडीण होती. तिचे जिवंत पिल्लू तिला बिलगून दूध शोधत होते. तेही खाल्ले जाणार होते.

मुलांनो, त्या माणसांना आपण निर्दय म्हणावे काय? त्यांच्या घरी पुरेसे धान्य नव्हते. शिकार हा त्यांचा खेळ नव्हता, ते त्यांचे जेवण होते. डॉक्टरांनी हे ओळखले. ते रागावले नाहीत. त्यांनी तांदूळ व कपडे देऊन पिल्लू मागून घेतले. त्याचे नाव ठेवले बबली.

ही गोष्ट गावोगावी पसरली. लोक अनाथ पिल्ले आणून देऊ लागले. बदल्यात त्यांना धान्य मिळे. बिबट्या, अस्वल, हरीण, साळिंदर, तरस असे प्राणी येत गेले. १९७६ साली तेथे शाळाही सुरू झाली. शिकाऱ्यांची मुले या प्राण्यांच्या शेजारी शिकू लागली. आज ते ‘प्राण्यांचे अनाथालय’ म्हणून ओळखले जाते. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी यांना २००८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

तुमच्या शेतात मोराचे किंवा हरणाचे पिल्लू सापडले, तर ते घरी पाळू नका. कायद्याने तशी मनाई आहे. वन विभागाला कळवा. आणि कोणी शिकार करताना दिसला, तर हेमलकशाची ही गोष्ट आठवा. प्राणी वाचवायचा असेल, तर माणसाची भूकही पाहावी लागते.

शब्दार्थ
बिलगणे – घट्ट चिकटणे
निर्दय – दया नसलेला
मनाई – बंदी

स्वाध्याय
१. डॉक्टर शिकाऱ्यांवर का रागावले नाहीत?
२. लोक अनाथ पिल्ले का आणून देऊ लागले?
३. तुमच्या गावाजवळ दिसणाऱ्या वन्य प्राण्यांविषयी पाच वाक्ये लिहा.