लहान उद्योग आणि कृत्रिम बुद्धिमत्ता : पूर्वतयारीचे चार धडे

यंत्र माणसाचा शत्रू की मित्र, हा वाद नवा नाही. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स’ या ग्रंथात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याचे उत्तर दिले आहे. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते व फुरसतीतून संस्कृती वाढते. दोष यंत्राचा नसून त्याचा लाभ मूठभरांना देणाऱ्या समाजरचनेचा आहे, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. आज कृत्रिम बुद्धिमत्ता दाराशी उभी असताना हा विचार आपल्याला मार्गदर्शक ठरावा.

आपला समाज व्यापारात उशिरा आला. शिलाई, छपाई, चर्मकाम, मसाले, खानावळ अशा लहान धंद्यांत आता आपली माणसे उभी आहेत. या नव्या साधनाबाबत पुन्हा मागे राहणे आपल्याला परवडणारे नाही. मात्र शेजाऱ्याने घेतले म्हणून आपणही पैसे ओतणे, हाही मार्ग नव्हे. आधी तयारी, मग यंत्र.

ही तयारी कशी करावी? अंगुत्तर निकायात कोलियपुत्र दीघजाणु भगवान बुद्धांना विचारतो की, आम्ही संसारी माणसे, आमच्या हिताचे काही सांगावे. भगवंतांनी त्याला ऐहिक सुखासाठी चार गोष्टी सांगितल्या. त्याच चार गोष्टींच्या आधारे आपण विचार करू. उदाहरणासाठी शाळेचे गणवेश शिवणारा एक लहान कारखाना डोळ्यांसमोर ठेवू.

पहिली गोष्ट उट्ठानसंपदा, म्हणजे आपल्या कामातील उद्योगीपणा व कौशल्य. ज्याला स्वतःचे काम नीट मांडता येत नाही, त्याला यंत्र मदत करू शकत नाही. म्हणून प्रथम आठवडाभर वहीत नोंद करावी : कोणते काम, कोणी केले, किती वेळ लागला, चूक कोठे झाली. कापडाचे दर, मापे, उधारी हे सर्व मालकाच्या डोक्यात असेल, तर ते आधी कागदावर आणावे. मग एकच काम निवडावे. दरपत्रक तयार करणे किंवा निविदेच्या अटी समजून घेणे, ही सुरुवातीला योग्य कामे होत. २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार केंद्राच्या मंत्रालयांनी व सार्वजनिक उपक्रमांनी वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावयाची आहे. त्यात ४ टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांचा आहे. पण इंग्रजी निविदेची पाने पाहूनच आपला कारागीर माघार घेतो. त्या अटी मराठीत समजावून घेण्यास हे साधन उपयोगी पडते. मात्र अंतिम तारीख, अनामत रक्कम व पात्रता या तीन बाबी मूळ कागदावर स्वतः पाहाव्यात.

दुसरी गोष्ट आरक्खसंपदा, म्हणजे मिळवलेल्याचे रक्षण. आजच्या काळात माहिती हीसुद्धा संपत्ती आहे. ग्राहकांचे फोन क्रमांक, कामगारांचे आधार क्रमांक, बँकेचा तपशील ही माहिती अशा साधनात टाकू नये. व्यक्तींच्या माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली देशात कायदा झाला आहे. नावे व क्रमांक काढून टाकूनच मजकूर द्यावा. हिशेबाची एक प्रत वेगळी ठेवावी.

तिसरी गोष्ट कल्याणमित्तता, म्हणजे सज्जनांची संगत. येथे सावध राहिले पाहिजे. यंत्र गोड बोलते, पण ते कल्याणमित्र नव्हे. ते प्रचंड मजकुरावरून पुढचा शब्द कोणता असावा याचा अंदाज करीत वाक्ये जुळवते. म्हणूनच माहीत नसलेली गोष्टही ते ठामपणे सांगते. नसलेला नियम किंवा चुकीची बेरीज ते बेधडक देऊ शकते. कालामांना भगवंतांनी दिलेला उपदेश येथे लागू पडतो : ऐकीव आहे किंवा कोणी मोठा सांगतो म्हणून मानू नये, स्वतः पारखावे. म्हणून प्रत्येक कागदावर तपासणाऱ्या माणसाची सही असावी. आपले खरे कल्याणमित्र म्हणजे धंद्यातील अनुभवी माणूस, हिशेबतपासनीस आणि आपली शिकलेली मुले.

चौथी गोष्ट समजीविता, म्हणजे जमाखर्चाचा समतोल. तराजू धरणाऱ्याला पारडे किती झुकले ते कळते, तसे गृहस्थाला आय-व्यय कळावा, असा दृष्टान्त भगवंतांनी दिला आहे. समजा, कारखान्यात महिन्याला २४ दरपत्रके होतात व प्रत्येकास ३० मिनिटे लागतात. म्हणजे एकूण १२ तास. यंत्राने १० मिनिटांत मसुदा दिला आणि तपासणीस १० मिनिटे लागली, तर ८ तासांत काम होऊन ४ तास वाचतात. पण तपासणीसच २० मिनिटे लागली, तर बचत शून्य आणि वर्गणीचा खर्च अंगावर! म्हणून महिनाभर शक्यतो विनामूल्य साधनावर प्रयोग करावा, वहीत वेळ लिहावा आणि मगच पैसे भरावेत.

वाचलेल्या चार तासांचे काय करावयाचे, हा खरा प्रश्न आहे. हिशेब लिहिणाऱ्या मुलीला काढून टाकले, तर बाबासाहेबांनी दाखवलेला दोष आपल्याच कारखान्यात शिरला असे होईल. तिलाच हे साधन शिकवावे, तपासणीची जबाबदारी व त्याचा मोबदला द्यावा. तसेच खोटे अभिप्राय, न शिवलेल्या कपड्यांची बनावट चित्रे यांसाठी यंत्र वापरणे हा सम्यक वाचा व सम्यक आजीविका या दोहोंचा भंग होय.

विद्यार्थी मित्रांना आमची विनंती आहे की, महिन्यातील एक रविवार त्यांनी विहारात यावे व एका तरी उद्योजक बांधवाच्या वहीजवळ बसावे. तुमच्याकडे यंत्राचे ज्ञान आहे, त्यांच्याकडे धंद्याचे. दोघे एकत्र बसले तर यंत्राचा लाभ आपल्याही घरात येईल.

जय भीम!