हायपरटेक्स्ट साहित्य : वाटा फुटणारी गोष्ट



आज थोडा वेगळा विषय घेऊ या. संगणकावर टाइप केलेली गोष्ट आणि संगणकासाठीच लिहिलेली गोष्ट यात फरक आहे. पहिली कागदावर छापली तरी तीच राहते. दुसरी छापायला गेलो तर मोडून पडते. या दुसऱ्या प्रकाराला हायपरटेक्स्ट साहित्य म्हणतात.

यात मजकुराचे छोटे छोटे तुकडे असतात आणि ते दुव्यांनी, म्हणजे लिंकने, एकमेकांना जोडलेले असतात. एका शब्दावर क्लिक केले की एक तुकडा उघडतो, दुसऱ्या शब्दावर केले की दुसराच. पंचतंत्रातही गोष्टीत गोष्ट असते, मग नवीन ते काय, असे कुणी विचारेल. पण पंचतंत्रात क्रम सांगणाऱ्याने ठरवलेला असतो. सापशिडीत वाट दरवेळी बदलते, पण ती फासा ठरवतो. हायपरटेक्स्टमध्ये वाट वाचणारा ठरवतो. एवढे मुलांना सांगितले तरी त्यांना पटकन कळते.

हायपरटेक्स्ट हा शब्द अमेरिकेतल्या टेड नेल्सन यांनी १९६५ मध्ये मांडला. म्हणजे इंटरनेट घरोघरी येण्याच्या कितीतरी आधी. त्याआधी १९४५ मध्ये व्हॅनेव्हर बुश यांनी माहिती दुव्यांनी जोडणाऱ्या एका यंत्राची कल्पना लिहून ठेवली होती, पण ते यंत्र कधी बनलेच नाही.

गोष्टीच्या बाबतीत पहिले मोठे नाव मायकल जॉइस यांच्या 'आफ्टरनून, अ स्टोरी'चे. १९८७ साली अमेरिकेत चॅपल हिल इथे हायपरटेक्स्टवरची पहिली मोठी परिषद भरली, तिथे ही कथा दाखवली गेली. १९९० मध्ये ईस्टगेट सिस्टिम्स या प्रकाशकाने ती फ्लॉपीवर विकायला काढली. हो, फ्लॉपीवर! आजच्या मुलांना ती वस्तू दाखवायलाही मिळत नाही.

कथेत पीटर नावाचा माणूस आहे. सकाळी रस्त्यात त्याने एक अपघात पाहिलेला असतो. ती गाडी आपल्या घटस्फोटित बायकोची तर नव्हती ना, तिच्यात आपला मुलगा तर नव्हता ना, ही शंका त्याला दुपारभर पोखरत राहते. कथेचे ५३९ तुकडे आहेत आणि ९००हून जास्त दुवे. कुठला शब्द दुवा आहे हे ठळक करून दाखवलेले नाही. शिवाय काही दुवे असे की, ठरावीक तुकडे आधी वाचल्याशिवाय ते उघडतच नाहीत. म्हणजे वाचक सत्याच्या भोवती फिरत राहतो, जसा पीटर स्वतः फिरतो. मला यातली ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. तंत्र इथे शोभेसाठी नाही. घाबरलेल्या बापाचे मन सरळ रेषेत चालत नाही, म्हणून कथाही चालत नाही.

दुसरे उदाहरण शेली जॅक्सन यांच्या 'पॅचवर्क गर्ल'चे, १९९५ मधले. मेरी शेली यांच्या 'फ्रँकेन्स्टाइन' कादंबरीत शास्त्रज्ञ एक स्त्री-राक्षस बनवायला घेतो आणि अर्धवट असतानाच नष्ट करतो. जॅक्सन यांनी विचारले, ती पूर्ण झाली असती तर? त्यांच्या कथेत खुद्द मेरी शेलीच तिला शिवून पूर्ण करते. वेगवेगळ्या मृत माणसांचे अवयव जोडलेले, आणि प्रत्येक अवयवाला मूळ मालकाची आठवण. आपल्याकडची गोधडी डोळ्यांसमोर आणा. एक तुकडा आजीच्या लुगड्याचा, एक बाबांच्या सदऱ्याचा. गोधडी कुठल्या कोपऱ्यातून बघायला सुरुवात करायची याचा काही नियम असतो का? तशीच ही कथा.

आता संधींविषयी. रॉबर्ट कूव्हर हे कादंबरीकार ब्राउन विद्यापीठात हायपरटेक्स्ट कथालेखनाची कार्यशाळा घेत. १९९२ मध्ये त्यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये पुस्तकांच्या अंताविषयी लेख लिहिला आणि मोठी चर्चा झाली. पुस्तके काही संपली नाहीत, हे आपण बघतोच! पण १९९९ मध्ये शिकागोत इलेक्ट्रॉनिक लिटरेचर ऑर्गनायझेशन स्थापन झाली, त्यात कूव्हर होते. ही संस्था परिषदा भरवते, पुरस्कार देते, आणि २००६ पासून निवडक कलाकृतींचे संग्रह नेटवर मोफत ठेवते. इंटरॅक्टिव्ह फिक्शन कॉम्पिटिशन ही स्पर्धा १९९५ पासून दरवर्षी होते. ब्रिटनमधला न्यू मीडिया रायटिंग प्राइझ २०१० पासून आहे. या बहुतेक ठिकाणी व्यवहार इंग्रजीतून चालतो, त्यामुळे आपल्या चौथीच्या मुलांनी लगेच तिकडे धावावे असे मी म्हणणार नाही. पण मोठ्या वर्गांच्या शिक्षकांनी आणि लिहित्या पालकांनी ही नावे लिहून ठेवावीत.

वर्गात सुरुवात संगणकाशिवाय करता येते. मी चिऊ-काऊची गोष्ट घेते. पावसात कावळ्याचे घर वाहून गेले, तो दारात आला. चिमणीने दार लगेच उघडायचे की नाही? दोन चिठ्ठ्या, दोन गट. पुढे पुन्हा निवड, पुन्हा चिठ्ठ्या. इथे गणितही आपोआप येते. प्रत्येक वेळी दोन वाटा दिल्या तर पाच निवडींनंतर ३२ शेवट होतात आणि सगळ्या मिळून ६३ चिठ्ठ्या लिहाव्या लागतात. मुले दमतात! त्यावर उपाय म्हणजे फुटलेल्या वाटा पुढे एका चिठ्ठीवर परत आणायच्या. प्रत्येक निवडीनंतर असे केले की पाच निवडी १६ चिठ्ठ्यांत बसतात. मात्र मग निवडीला वजन उरत नाही, कारण काहीही निवडा, शेवट तोच. कुठे वाट जोडायची आणि कुठे मोकळी सोडायची, खरे लेखन इथे आहे.

एका मुलीने विचारले, "बाई, मग खरी गोष्ट कुठली?" प्रश्न छान आहे. उत्तर देण्याची घाई करू नका. तिने स्वतः चिमणीला दार उघडायला लावले नव्हते, आणि ते तिला टोचत होते. पुस्तकातली चिमणी दार उघडत नाही तेव्हा आपण तिच्याकडे बोट दाखवतो. इथे बोट आपल्याकडेच वळते. पालकांना काळजी असते की क्लिक करत वाचले की मूल नुसते उड्या मारेल. ती काळजी खोटी नाही. म्हणून मी एकच अट घालते : चिठ्ठी पूर्ण मोठ्याने वाचल्याशिवाय पुढची निवड नाही.

चिठ्ठ्या जमल्या की ट्वाइनकडे वळा. ख्रिस क्लिमस यांनी २००९ मध्ये आणलेले हे साधन मोफत आहे, आणि देवनागरीत टाइप करता येते. शब्दाला दोन-दोन चौकटी कंस घातले की त्या नावाचा नवा चौकोन तयार होतो आणि बाण जोडला जातो. झाली लिंक. तयार गोष्टीची एकच फाइल मिळते, ती मोबाइलच्या ब्राउझरमध्येही उघडते.

फाइल जपण्याचे मात्र आधीच बघा. जुन्या फ्लॉपीवरच्या कथा आज साध्या संगणकावर चालत नाहीत. फ्लॅशमध्ये केलेल्या कितीतरी कलाकृती २०२० च्या अखेरीस फ्लॅश बंद झाल्यावर उघडेनाशा झाल्या. ट्वाइन ब्राउझरमध्ये वापरले तर गोष्ट त्या ब्राउझरच्याच साठ्यात राहते, आणि कुणी तो डेटा साफ केला की मुलांचे काम गेले. म्हणून तास संपण्याआधी पाच मिनिटे राखून ठेवा, फाइल उतरवून घ्या, पेन ड्राइव्हवर टाका. आणि कागदाच्या चिठ्ठ्या फेकू नका, दोऱ्यात ओवून कपाटात ठेवा.