अढीतील आंबा का नासतो?

‘एक नासका आंबा सगळी अढी नासवतो’ ही म्हण आपण सर्वांनी ऐकली आहे. उन्हाळ्यात वलसाड व नवसारीच्या बागांतील हापूस आणि केसर सुरतेच्या बाजारात येतात. घरी पेटी उघडली की त्यांतील एकदोन फळे काळी पडलेली निघतात. म्हणीप्रमाणे दोष त्या फळांवर येतो. तो कितपत खरा, हे आपण पाहू.

झाडावरून काढलेले फळ जिवंतच असते. ते श्वसन करते, आणि पिकताना इथिलीन नावाचा वायू सोडते. हा वायू शेजारच्या फळांनाही लवकर पिकवतो. एवढ्यापुरती म्हण खरी आहे. परंतु काळ्या डागांचे मुख्य कारण म्हणजे करपा रोगाची बुरशी. ती ओल्या हवेत कोवळ्या फळाच्या सालीत शिरते, फळ कच्चे असेपर्यंत निपचित राहते आणि ते पिकू लागताच वाढू लागते. म्हणजे अढीत दिसणारी नासाडी पुष्कळदा बागेतच सुरू झालेली असते.

म्हणून उपायही तेथूनच सुरू झाले पाहिजेत. वाळलेल्या फांद्या व रोगट पाने काढून टाकली की बुरशीचे घर मोडते. फळ खाली पडू न देता झेल्याने, थोडा देठ राखून उतरवावे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने याचसाठी ‘नूतन झेला’ तयार केला. देठ तुटला तर चीक सांडून साल भाजते, आणि देठकुजीच्या बुरशीला वाट मिळते. काढलेली फळे सुमारे ५२ अंश सेल्सियसच्या पाण्यात ५ ते १० मिनिटे ठेवली, तर सालीतील बुरशी पुष्कळशी मरते व गर शिजत नाही. मग ती निववून कोरडी करावीत.

साठवणीतही फळाचा स्वभाव ओळखावा लागतो. हिमाचल व काश्मीरचे सफरचंद शून्य अंशाच्या आसपास महिनोन्‌महिने टिकते. कच्च्या आंब्याला मात्र सुमारे १३ अंश मानवतात. फार थंडीत त्याची साल काळवंडते व तो नीट पिकत नाही. यास्तव कच्चा आंबा घरच्या शीतकपाटात ठेवू नये. हवेशीर जागी गवतावर पसरावा.

पेटीतील दोन आंबे टाकताना आपली हानी थोडी होते. बागायतदाराला मात्र पीक वर्षातून एकदाच मिळते. नासका आंबा वेगळा काढावाच. पण अढीची राखण अढी घालण्यापूर्वीच सुरू झालेली असावी.