काम सारखं, पगार वेगळा – असं का? आणि तुमचा तास कितीला पडतो?

व्हिडिओत हिशोब मांडायला वेळ कमी पडला, तो इथे पूर्ण करूया. वही-पेन घ्या.

केडगावहून सकाळी नागापूर एमआयडीसीकडे जाणारी गर्दी तुम्ही रोज बघता. समजा, त्यातले दोघं एकाच मशीनवर आहेत. एक कायम, दुसरा ठेकेदाराचा. काम तेच, पगार वेगळा. कारणं चार:

१. नोकरीचा प्रकार. देशातल्या नोंदणीकृत कारखान्यांत सुमारे ४० टक्के कामगार ठेकेदारामार्फत आहेत. कायम माणसामागे युनियन असते, पगारवाढीचा करार असतो. ठेकेदाराच्या माणसामागे सहसा कुणी नसतं.

२. कौशल्य. किमान वेतनाचेच अकुशल, अर्धकुशल, कुशल असे टप्पे आहेत. हातात कला आली की टप्पा बदलतो.

३. भाव ठरवायची ताकद. पाथर्डी-शेवगावचा ऊसतोड कामगार मुकादमाकडून आधीच उचल घेतो. पैसे खर्च झाल्यावर घासाघीस कशी करणार? पण संघटनांनी एकत्र रेटा लावला, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली.

४. न मोजलेले कष्ट. ऊसतोडीत ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायको दोघं. ती मोळ्या बांधते, वाहते. पण हिशोब एकाच नावावर.

आता मुद्द्याची गोष्ट. २०२३-२४ च्या सरकारी श्रमबल पाहणीनुसार देशात काम करणाऱ्यांपैकी ५८.४ टक्के लोक स्वयंरोजगारात आहेत, नियमित पगारावर फक्त २१.७ टक्के. तरी स्वयंरोजगारवाल्याची सरासरी कमाई पगारदारापेक्षा कमी! म्हणजे नुसतं ‘मालक’ झाल्याने कमाई वाढत नाही.

समजा, वडापावच्या गाडीवर खर्च जाऊन महिन्याला २४,००० उरतात. छान वाटतं ना? पण गाडीवर दोघं, रोज १० तास, २६ दिवस. झाले ५२० तास. तासाला पडले ४६ रुपये! वहिनींचे कष्ट धरलेच नव्हते. आपल्या घरातही ‘एक कोयता’च चाललाय.

आजचा गृहपाठ:
- घरातल्या प्रत्येकाचे तास लिहा.
- तासाची कमाई काढा.
- ती मजुरीपेक्षा कमी असेल, तर आधी भाव, माल किंवा वेळ बदला. दुसरी गाडी नंतर.
- गिऱ्हाईक किंवा पुरवठादार एकच असेल, तर दुसरा शोधा. एकाच्या उचलीवर चालणाऱ्याला भाव ठरवता येत नाही.

आणि उद्या माणूस कामाला ठेवाल, तेव्हा हीच चार कारणं उलट्या बाजूने वाचा.