मांडवाला जागा कोणी दिली?

देऊळगाव राजा म्हटले की डोळ्यांपुढे प्रथम श्रीबालाजी महाराज उभे राहतात, आणि ते योग्यच आहे. परंतु वारकऱ्याने याच तालुक्यातील मेहुणा राजा या गावाकडेही वळून हात जोडावेत. श्रीसंत चोखामेळा यांचे जन्मस्थान म्हणून हे गाव मानले जाते. त्यांची बहीण निर्मळा हिचे नावही मेहुणपुरीशीच जोडलेले आहे.

चोखोबांचे स्मरण करून या महिन्याच्या चिंतनाला विषय घेतला आहे तो असा : निरनिराळ्या धर्मांची मंडळी गावातल्या न्यायाच्या कामी एकत्र आली, तर त्यांनी एकमेकांना द्यायचे काय?

कोणी म्हणेल, "महाराज, एकत्र तर आम्ही येतोच की! होळीला सैलानीबाबांच्या यात्रेला हिंदू-मुसलमान मिळूनच जातात. तुकोबारायांची पालखी निघाली की पहिली आरती देहूला अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी होते. श्रीगोंद्याचे शेख महंमद तर आपल्या संतमेळ्यातलेच." खरे आहे, बाबा. पण नवस मिळून फेडणे निराळे आणि हंडाभर पाण्यासाठी शेजाऱ्याचा कैवार घेणे निराळे. पहिल्यात कोणी रागावत नाही. दुसऱ्यात घरचेसुद्धा बोलेनासे होतात.

यासाठी कोकणातील महाडचा दाखला पाहू. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस मोकळे असावेत असा रावबहादुर बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेकौन्सिलात १९२३ साली मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर पाणी मोकळे झाले. तळ्यावर मात्र झाले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी प्याले. लगेच आवई उठली, की आता हे देवळात शिरणार! आणि परिषदेच्या लोकांवर लाठ्या पडल्या. त्या वेळी कित्येकांना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा परिषद भरवायची, तर मांडवाला जागा मिळेना. ती दिली फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी.

या जागेचे मोल नीट ध्यानात घ्या बरे. चवदार तळ्यावर मुसलमानांना मज्जाव नव्हता. त्यांची घागर रोज भरतच होती. म्हणजे फत्तेखानांचे स्वतःचे काही अडले नव्हते. अडले होते ते दुसऱ्यांचे, आणि अडवणारे त्याच गावचे, रोज तोंड दिसणारे. सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर सहस्रबुद्धे ही स्पृश्य समाजातली मंडळीही बाबासाहेबांबरोबर होती. त्यांनी आपल्याच जातभाईंचा रोष पत्करला. तळ्याचा दावा मग कोर्टात रेंगाळला, आणि १९३७ साली हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. पाणी प्यायल्याला तोवर दहा वर्षे झाली होती!

आणि आपण वारकरी? चोखोबा मंगळवेढ्यास भिंतीखाली सापडून गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी दिली. समाधीला वंदन करून आपण आत जात राहिलो. चोखोबांच्या जातीचा माणूस सहाशे वर्षे बाहेरच उभा होता. १ मे १९४७ पासून साने गुरुजींनी पंढरपुरात दहा दिवस उपोषण केले, तेव्हा ते दार उघडले. ते उपोषण झाले तनपुरे महाराजांच्या मठात. विरोध करणाऱ्यांत माळकरीही होते, हे लपवण्यात अर्थ नाही. तरी एका वारकरी मठाने आपले छप्पर दिले.

आज देऊळगाव राजा तालुक्यात खडकपूर्णा धरणाच्या जलाशयाला संत चोखासागर असे नाव आहे. नाव दिले, उत्तम झाले. ते पाणी आणि आपल्या गावची विहीर कोणत्या वस्तीला शेवटी पोचते, ते मात्र प्रत्येकाने आपल्या गावी पाहायचे.

तेव्हा अभ्यास एवढाच : सप्ताहाच्या पंगतीचा हिशेब करायला बसाल, त्या रात्री मशिदीतल्या चार जाणत्यांना आणि बुद्धविहारातल्या मंडळींनाही बोलवा. कोणाचा नळ कोरडा, कोणाच्या मसणवट्याला वाट नाही, हे आधी विचारा. ग्रामसभेत अर्ज जाईल तो सगळ्यांच्या सह्यांनी जाऊ द्या. आणि पहिली सही ज्याच्या दारी पाणी रोज येते त्याची घ्या.