मुखाने लेखन : फोनवरील शेतकरी गटात बोलून प्रश्न कसा मांडावा

खरीप हंगामात विस्तार कार्यकर्त्याकडे येणारे पुष्कळसे प्रश्न हल्ली फोनवरील गटांतून येतात. गावोगाव कपाशीचे, संत्र्याचे, सोयाबीनचे व्हॉट्सॲप गट झाले आहेत. त्यांत शेतकरी, कृषि विभागाचे कर्मचारी, कृषि विज्ञान केंद्राचे विषयतज्ज्ञ असे सर्व एकत्र असतात. गटाची ही सभा भरते ती लिखाणावर. ज्याला लिहिण्याचा सराव आहे तो प्रश्न विचारतो. ज्याला नाही, त्याचे नाव गटात असूनही तो मुका राहतो. वास्तविक पऱ्हाटीतील पहिली डोमकळी कोणाच्या दृष्टीस पडते? निंदणाला गेलेल्या बाईच्या. घरच्या गटात मात्र तिचा मुलगा असतो, आणि तो नागपुरास नोकरीवर असतो. शेतात पाहणारा एक व गटात लिहिणारा दुसरा, अशी ही विभागणी आहे. तीमुळे पुष्कळदा चार-आठ दिवस वाया जातात. किडीच्या बाबतीत चार-आठ दिवस थोडे नव्हेत.

यावर उपाय सोपा आहे. फोन आता मराठी बोलणे ऐकून ते अक्षरांत उतरवू शकतो. मराठीत बोलून लिहिण्याची ही सोय गूगलने ऑगस्ट 2017 मध्ये इतर सात भारतीय भाषांबरोबर खुली केली, आणि आज ती साध्या स्मार्टफोनवरही मिळते. ती कशी वापरावी व वापरताना कोठे जपावे, याचा विचार या लेखात केला आहे.

एकाने बोलावे व दुसऱ्याने लिहून दूरच्या जाणकाराकडे पाठवावे, ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. 1956 साली त्या वेळच्या मुंबई राज्यात आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुण्याहून ग्रामीण श्रोतामंडळांचा प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतील सुमारे 150 गावांत मंडळे स्थापन झाली. सभासद एकत्र बसून शेतीविषयक कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत, आणि त्यांच्या शंका मंडळाचा संयोजक पत्राने केंद्राकडे कळवी. पुढील कार्यक्रमांत उत्तरे मिळत. प्रयोगाची पाहणी टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे झाली व 1959 पासून अशी मंडळे देशभर काढण्यात आली. त्या मंडळात अक्षरओळख नसलेला शेतकरीही पूर्ण सभासद होता, कारण लिहिण्याचे काम संयोजकाकडे होते. आज संयोजकाची ती लेखणी फोनकडे आली आहे, एवढाच फरक. मात्र संयोजक शहाणा माणूस होता, फोन नाही. न कळलेला शब्द संयोजक पुन्हा विचारून घेई. फोन तसे न करता आपल्या मनाने दुसराच शब्द लिहून मोकळा होतो.

पहिली तयारी एकदाच करावी लागते. फोनच्या कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन भाषांच्या यादीत मराठी जोडावी. हे काम घरातील शाळकरी मुलाकडून करून घेण्यास हरकत नाही. त्यानंतर गटाच्या पानावर लिहिण्याच्या चौकटीवर बोट टेकविले की कीबोर्ड उघडतो. त्यावर माइकचे चित्र असते. व्हॉट्सॲपच्या चौकटीशेजारी आणखी एक माइक असतो. तो आवाज जसाच्या तसा पाठविण्याचा. या दोहोंत नवशिक्याची नेहमी गल्लत होते. आपल्याला हवा तो कीबोर्डवरचा माइक. तो दाबून बोलावे, अक्षरे आपोआप उमटू लागतात. गटात शिरण्यासाठी गटप्रमुखाकडून आमंत्रणाचा दुवा मागवून घ्यावा आणि तो दाबून सामील व्हावे. फोनच्या बोलक्या साहाय्यकास ‘व्हॉट्सॲप उघड’ असे सांगूनही ते उघडता येते. डोळ्यांनी अधू असलेल्या व्यक्तीस ही सोय विशेष उपयोगी पडते.

आवाज जसाच्या तसा का पाठवू नये, असा प्रश्न येथे साहजिकच उपस्थित होतो. दोघांच्या संभाषणात आवाजी निरोप पाठविण्यास काहीच हरकत नाही. परंतु दोनशे सभासदांच्या गटात दिवसाला चाळीस आवाजी निरोप आले, तर ते ऐकावयास तज्ज्ञाला सवड कोठून मिळणार? लिहिलेले चाळीस प्रश्न नजरेखालून जाण्यास मात्र थोडा वेळ पुरतो. दुसरे असे की, लिहिलेले पुढे शोधता येते. गटाच्या शोधचौकटीत ‘बोंडअळी’ असा शब्द घातला की गेल्या हंगामातील त्यावरील सर्व प्रश्नोत्तरे समोर येतात. आवाजी निरोप असा शोधता येत नाही. तो त्या दिवसापुरता उपयोगी पडतो आणि पुढे विसरला जातो.

बोलताना फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरावा. वाऱ्याकडे पाठ करावी. मोटारपंप चालू असेल तर त्यापासून दूर जावे. वाक्ये लहान ठेवावीत व एकेक वाक्य संपल्यावर क्षणभर थांबावे. फार थांबल्यास मात्र माइक आपोआप बंद होतो, तो पुन्हा दाबावा लागतो. विरामचिन्हांची काळजी करू नये. प्रत्येक मुद्द्यानंतर नवी ओळ सुरू केली तरी वाचणाऱ्यास पुरेसे होते.

वऱ्हाडी व नागपुरी बोलीतील शब्दांबाबत यंत्र अजून कच्चे आहे. ‘पऱ्हाटी’चे ‘पराठे’ झालेले या लेखकाने शिवारफेरीत स्वतः पाहिले आहे, आणि त्यावर गटात दोन दिवस करमणूक चालली होती. ‘पऱ्हाटी’ऐवजी ‘कपाशी’ आणि ‘धुरा’ऐवजी ‘बांध’ म्हटल्यास असे प्रसंग कमी येतील. आपली बोली सोडावी असा याचा अर्थ नव्हे. गटातील माणसांना ती समजते. यंत्राला समजेपर्यंत एखादा शब्द बदलावा लागतो, इतकेच.

यंत्राच्या ज्या चुकीवर हसून भागत नाही ती आकड्यांची. ‘दीड’ आणि ‘दीडशे’, ‘पंधरा’ आणि ‘पन्नास’, ‘बावीस’ आणि ‘बासष्ट’ हे आकडे घाईने उच्चारल्यास एकाच्या जागी दुसरा उमटण्याचा धोका असतो. ‘मिली’ हा नुसता तुटक उच्चारही दगा देतो. ‘मिलीलिटर’ असे पूर्ण म्हणावे. निरोप पाठविण्यापूर्वी त्यातील प्रत्येक आकडा डोळ्यांखालून घालावा. वाचता येत नसल्यास घरातील कोणाकडून वाचून घ्यावा, किंवा फोनमधील टॉकबॅक ही मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी सोय वापरावी.

औषधाच्या मात्रेबाबत तर याहून कडक नियम पाळला पाहिजे. गटात कोणीही बोलून लिहिलेली मात्रा प्रमाण मानू नये, मग लिहिणारा कितीही अनुभवी असो. मात्रा पाहावी ती डब्यावरील लेबलावर व कृषि विद्यापीठाच्या शिफारशीत. 2017 च्या खरीपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले, ही घटना विदर्भात कोणी विसरलेले नाही. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो : लाल म्हणजे अतितीव्र विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. हा त्रिकोण ओळखण्यास अक्षरे लागत नाहीत. फवारणाऱ्यास मळमळ, घाम, अंधुक दिसणे अशी लक्षणे दिसल्यास गटात प्रश्न टाकून उत्तराची वाट पाहत बसू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाचा डबा किंवा लेबल सोबत न्यावे.

आता प्रश्न कसा मांडावा ते पाहू. ‘संत्रा गळून राहिला, काय फवारू?’ असा प्रश्न आंबिया बहाराच्या दिवसांत काटोल, नरखेडकडून वारंवार येतो. याला उत्तर देणे कोणाही तज्ज्ञास शक्य नाही, कारण फळगळ एका कारणाने होत नसते. फळावर सुईने टोचल्यासारखे छिद्र असून तेथून रस पाझरत असेल, तर रात्री येणाऱ्या रसशोषक पतंगाचा संशय घ्यावा. देठाजवळ तपकिरी-काळा डाग पसरत असेल, तर बुरशीचा. काहीच खूण नसताना निरोगी फळ गळत असेल, तर पाण्याचा ताण, पाणी साचणे किंवा अन्नद्रव्यांची उणीव यांकडे लक्ष द्यावे लागते. तिन्ही ठिकाणी उपाय निराळा आहे. तेव्हा गळालेली दहा फळे उचलावीत, देठाकडून नीट पाहावीत, कोणती खूण किती फळांवर आहे ते मोजावे आणि मग माइक दाबावा. सोबत फळाचे जवळून घेतलेले छायाचित्र जोडल्यास उत्तमच.

कपाशीसाठी बोलण्याचा एक नमुना येथे देतो :

‘तालुका काटोल. कोरडवाहू कपाशी. पेरणी 22 जूनची. पीक 90 दिवसांचे. वीस हिरवी बोंडे फोडून पाहिली. तीन बोंडांत गुलाबी अळी आहे. कामगंध सापळ्यात तीन रात्री नऊ-दहा पतंग पडले. आतापर्यंत फक्त निंबोळी अर्क फवारला.’

एवढ्या मजकुरावरून तज्ज्ञास निर्णय करता येतो. दर रात्री सापळ्यामागे आठ पतंग सलग तीन रात्री, किंवा शंभरात दहा फुले अथवा बोंडे किडलेली, ही गुलाबी बोंडअळीची आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते. वरील शेतात वीसपैकी तीन बोंडे, म्हणजे शेकडा 15 किडली आहेत. सबब तेथे उपाय केलाच पाहिजे. वीसपैकी एकच बोंड किडके असते आणि सापळ्यात तीन-चारच पतंग असते, तर फवारणीचा खर्च वाचला असता. बोलण्यापूर्वी मोजणे हे खरे काम आहे, आणि ते करण्यास निंदणाऱ्या बाईइतके योग्य दुसरे कोणी नाही. तिच्या हातात पाच मिनिटे फोन द्यावा.

ज्यांच्याकडे साधाच फोन आहे त्यांना किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 हा निःशुल्क क्रमांक उपलब्ध आहे. ही सेवा जानेवारी 2004 मध्ये सुरू झाली व तीवर मराठीत उत्तर मिळते. आपल्या शेजारच्या छत्तीसगडमध्ये 2010 पासून सीजीनेट स्वर या उपक्रमाने साध्या फोनवरून गोंडी बोलणाऱ्यांचीही गाऱ्हाणी व बातम्या आवाजात नोंदवून घेतल्या आणि त्या लेखी स्वरूपात इंटरनेटवर पोहोचविल्या. अक्षर येत नाही म्हणून माणसास सांगण्यासारखे काही नसते, हा समज अशा कामाने खोटा ठरला. महाराष्ट्राच्या कृषि विभागानेही 2025 मध्ये महाविस्तार हे ॲप आणले असून त्यात मराठीत प्रश्न विचारता येतो. तरीही गावच्या गटाचे महत्त्व कमी होत नाही; शेजारच्या शिवारात पतंग वाढले की नाही, हे शेजारीच सांगू शकतो.

शेवटी गटप्रमुखांसाठी दोन सूचना. शुभप्रभातीची चित्रे व पुढे ढकललेले निरोप यांस गटात मज्जाव करावा. त्यांच्या गर्दीत खरा प्रश्न बुडतो. तसेच पी.एम. किसानच्या नावाने येणाऱ्या अनोळखी फाइली कोणी उघडू नयेत आणि आधार क्रमांक, बँकेचा तपशील किंवा ओटीपी कोणीही गटात बोलू वा लिहू नये, हे महिन्यातून एकदा सर्वांस कळवावे. ज्या सभासदांनी अद्याप एकही ओळ लिहिलेली नाही त्यांची यादी करून, पोळ्यापूर्वी एखाद्या संध्याकाळी पारावर बसून प्रत्येकाकडून एकेक वाक्य बोलून घ्यावे. पहिले वाक्य गाव, पीक व पेरणीची तारीख एवढेच असावे.